दुरुस्तीच्या टेबलावरून सांगतो

तुमचा प्रश्न असा आहे: शामरावनगरच्या बाजूला तळमजल्याचा फ्लॅट घेतलाय, हप्ते सुरू झालेत, दिवाळीत राहायला जायचंय. सगळंच भारीतलं घेणं दोघांच्या पगारात बसत नाही. मग रोजच्या वापरातल्या कोणत्या वस्तूंना दोन पैसे जास्त घालावेत आणि कुठं स्वस्तात भागवावं?

माझं सांगलीत गणपती पेठेच्या भागात 1991 पासून इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पुढं काउंटर, मागं दुरुस्तीचं टेबल. विकताना वस्तू खोक्यात असते आणि खोकं नेहमी छानच बोलतं. टेबलावर ती उघडी पडते, तेव्हा आत काय घातलंय ते दिसतं. म्हणून मी जे सांगणार ते टेबलावरचं आहे, काउंटरवरचं नाही. काउंटरवर बसून सांगायचं तर सगळं भारीतलंच घ्या म्हणेन, त्यात माझा फायदा आहे.

कुठलीही वस्तू कधीतरी बिघडणारच. मी एवढंच बघतो, की बिघडताना ती एकटी जाते की सोबत आणखी काही घेऊन जाते. बल्ब गेला तर बल्ब गेला, दुसरा लावला. पण भिंतीतली वायर जळाली तर प्लास्टर, रंग, वेळ आला तर जीवही. ज्या वस्तूच्या मागं एवढं नुकसान उभं आहे तिथं पैसे घाला. बाकी ठिकाणी मधल्या किमतीचं घ्या, आणि काही ठिकाणी तर चक्क सगळ्यात स्वस्त.

वायरिंगपासून सुरू करतो, कारण लोक नेमके इथं पैसे वाचवतात. बिल्डरनं केलेलं असेल तर आधी बोर्ड उघडून बघा. 16 अँपिअरच्या सॉकेटला, म्हणजे गिझर, वॉशिंग मशीन, इस्त्री जिथं लागणार तिथं, 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. दिवे-पंख्यांना 1.5 पुरते. 2000 वॅटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो, तेही रोज सकाळी अर्धा तास सलग. बारीक वायरीवर तो चालतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. वायर आतल्या आत तापत राहते, वरचं प्लास्टिक कडक होतं, आणि चार-पाच वर्षांनी एका सकाळी बोर्डातून वास यायला लागतो. तो वास एकदा आला की विसरत नाही.

बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायरही मिळते. वरून हुबेहूब तांबं. ओळखायची युक्ती साधी आहे: एक तार काढून ब्लेडनं खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत द्या. नाहीतर तीच केसासारखी तार लायटरच्या ज्योतीत धरा. अॅल्युमिनियम लगेच वाकून गळतं, तांबं लाल होऊन तसंच राहतं. चांगल्या आणि हलक्या वायरीत अख्ख्या फ्लॅटला मिळून पाच-सहा हजारांचा फरक पडत असेल. तेवढ्याच पैशाचं झुंबर हॉलमध्ये लावलेलं आणि मागं हलकी वायर, अशी घरं मी मोजायची सोडून दिली.

दुसरी वस्तू, जी बहुतेक घरांत नसते: आरसीसीबी. एमसीबी, म्हणजे वायरीवर जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण, सगळ्यांना माहीत असतो, पण तो वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाला शॉक बसतो तो काही मिलिअँपिअरमध्ये. 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. मधे गळती झाली, म्हणजे गिझरच्या बॉडीतून पाण्यात आणि पाण्यातून तुमच्यात करंट उतरला, की तो क्षणात लाइन तोडतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा घ्या. चांगल्या कंपनीचा दीड-दोन हजारांच्या घरात जातो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. आणि अर्थिंग तपासून घ्या. तळमजल्यावर राहणार आहात, पावसाळ्यात भिंती ओल धरतात, तेव्हा हे दोन्ही हवंच. माझ्या हातात असतं तर आरसीसीबी नसलेल्या घरात मी गिझर विकलाच नसता. पण गिऱ्हाईक दुसरीकडून घेतं, हेही खरं.

एक्स्टेंशन बोर्ड म्हणजे छोटी वायरिंगच. रस्त्यावर दीडशेला मिळतो त्यात वायर सुतळीएवढी आणि आतल्या पट्ट्या लोखंडाच्या, वरून पितळी पाणी दिलेल्या. लोहचुंबक जवळ नेला की चिकटतो. पितळेला चुंबक चिकटत नाही. लोखंडी पट्टी ताण धरत नाही, पिन सैल बसते, ठिणगी उडते, प्लास्टिक वितळतं. मोबाइलच्या चार्जरचंही तसंच. फुटकळ चार्जरमध्ये 230 व्होल्टची बाजू आणि तुमच्या हातातली बाजू यांच्यात नखाएवढं अंतर असतं. चार्जरवर आर अक्षर आणि पुढं आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या सरकारी अॅपमध्ये टाकून खरा की खोटा ते बघता येतं. आयएसआय खुणेखालचा लायसन्स नंबरही त्याच अॅपमध्ये तपासता येतो. खूण छापायला काय, कुणीही छापतो. नंबर ताडून बघणारे फार थोडे.

आता गॅस. इथं थोडक्यात सांगतो कारण वाद घालण्यासारखं काही नाही. सिलिंडरपासून शेगडीपर्यंतची नळी ही आत तारेची जाळी असलेली, केशरी, आयएसआयची सुरक्षा नळीच घ्या. दोनशे रुपयांच्या आसपास मिळते, पाच वर्षं चालते. तिच्यावर छापलेली तारीख बघून पाच वर्षांनी बदला. दहा हजारांची काचेची शेगडी आणि तिला पाणी भरायची हिरवी नळी जोडलेली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. शेगडीत बघायचं ते बर्नर. पितळेचे जड बर्नर वर्षानुवर्षं टिकतात. वर काच आहे की स्टील हा आवडीचा प्रश्न. मला विचाराल तर स्टील, कारण काचेवर गरम कढई टेकली की धाकधूक.

कुकरच्या बाबतीत 2021 पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, त्यामुळं नवा कुकर घेताना फसायची भीती कमी. फसतात ते सुट्या भागांत. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे घ्या, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी. त्या व्हॉल्व्हमधला धातू ठरावीक उष्णतेला वितळून वाफेला वाट देतो, तेच त्याचं काम. एका मेसवाल्यानं व्हॉल्व्ह सारखा उडतो म्हणून त्या भोकात नटबोल्ट आवळून आणला होता आणि मला विचारत होता, शिटी नीट का होत नाही. मी तो कुकर परत दिलाच नाही, भंगाराचे पैसे हातात दिले. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

मिक्सरवर जरा जास्त बोलतो, कारण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त तोच येतो, आणि त्याचा एक हंगाम असतो. मार्च ते मे. आपल्याकडं त्या दिवसांत वर्षाची चटणी होते. बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो, सांगली-कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी नाहीतर लवंगी तिखटाला, खोबरं, तीळ, धणे, सगळं भाजून डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्रावर, कांडून आणायचं. डंकावर नंबर लागत नाही, दोन तास उभं राहावं लागतं, म्हणून कुणीतरी म्हणतं, घरात साडेसातशे वॅटचा मिक्सर आहे की. तीन किलो मिरची मिक्सरला लावली की दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर. आत बघावं तर मोटरीतलं तारेचं वाइंडिंग काळंठिक्कर आणि अख्ख्या दुकानाला ठसका. यात मिक्सरची चूक नाही. घरगुती मिक्सर मिनिट-दीड मिनिट फिरवायचा आणि तेवढाच थांबवायचा अशा हिशेबानं बनवलेला असतो. कोरडं तिखट कुटणं हे डंकाचं काम, तिथले किलोमागचे पैसे खुशाल द्या. तो खर्च मिक्सरला वाचवतो.

मग मिक्सर कसला घ्यावा? खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका, तो आकडा फुगवता येतो. उचलून बघा. एकाच वॅटचे दोन मिक्सर शेजारी ठेवले आणि एक किलोभर हलका लागला, तर त्यात तांबं कमी घातलंय किंवा वाइंडिंग अॅल्युमिनियमचं आहे. अॅल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहून नेतं, त्यामुळं तेवढ्याच कामाला जास्त तापतं. दुकानदाराला सरळ विचारा, वाइंडिंग कशाचं, आणि पावतीवर लिहून द्या म्हणा. दुसरं, तळाशी लाल ओव्हरलोड बटण आहे का ते बघा. तिसरं, आणि हे कुणी बघत नाही: भांड्याचा बुश, वायसर, कपलर, कार्बन हे सुटे भाग सांगलीत मिळतात का. भांड्याचा बुश झिजला की इडलीच्या पिठाचं पाणी खाली मोटरीत उतरतं. वेळेत बदलला तर शंभराच्या आत काम होतं, नाही बदलला तर मोटर. म्हणून मी म्हणतो, सुटे भाग मिळत असलेला तीन-साडेतीन हजारांचा मिक्सर हा जाहिरातीतल्या आठ हजारांच्या मिक्सरपेक्षा बरा. त्या आठ हजारांच्या एका मिक्सरचं भांडं चिरलं तर नवं मागवायला दीड महिना लागला होता. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्या बाईंनी दीड महिना पाट्यावर वाटलं.

पंख्याचा हिशेब कागदावर मांडण्यासारखा आहे. जुन्या पद्धतीचा साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर फिरणाऱ्या नव्या मोटरीचा पंखा, 30 च्या आसपास. फरक 45 वॅट. बेडरूममध्ये पंखा दिवसाला 12 तास, वर्षातले 250 दिवस धरला तर 135 युनिट वाचतात. युनिटला सरासरी 8 रुपये धरा, म्हणजे वर्षाला हजार-अकराशे. दोन पंख्यांच्या किमतीतला फरक साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त. वर्ष-सव्वा वर्षात वसूल. पण हॉलमधला पंखा जर दिवसाला तीन-चार तासच फिरणार असेल तर वसुलीला तीन-चार वर्षं लागतात, तिथं साधा घ्या. शिवाय बीएलडीसीत इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. साध्या पंख्याचा कंडेन्सर मी पाच मिनिटांत बदलतो. बीएलडीसीचं कार्ड गेलं तर कंपनीकडंच पाठवावं लागतं. त्यामुळं गॅरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सांगलीत की पुण्यात, हे आधी विचारा. पंख्याला रिमोट आहे, दिवा आहे, याला मी एक पैसा जास्त देणार नाही.

बल्बचं सांगितलंच. वळवाच्या पावसात विजा चमकल्या की दुसऱ्या दिवशी लोक पिशवी भरून एलईडी बल्ब आणतात. त्यातली एलईडी शाबूत असते, आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज जुळवून देणारा भाग, गेलेला असतो. दोन वर्षांच्या बदली गॅरंटीचा मधल्या किमतीचा बल्ब घ्या आणि विसरून जा.

तुम्ही तळमजल्यावर म्हणालात तेव्हाच मला फर्निचरचं सांगायचं होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट. आमच्या दुकानात माणूस बुडेल एवढं पाणी होतं. 2005 चा पूर बघितलेला, म्हणून माल वरच्या फळीवर चढवला होता, आणि पाणी त्या फळीच्याही वर गेलं. पाणी उतरल्यावर महिनाभर मी नवीन काही विकलं नाही, फक्त लोकांच्या वस्तू उघडून वाळवत होतो. मोटर उघडायची, स्वच्छ पाण्यानं चिखल धुवायचा, पत्र्याच्या डब्यात शंभरचा जुना पिवळा बल्ब लावून त्यात दोन-तीन दिवस वाळवायची, इन्सुलेशन मोजायचं, वार्निश द्यायचं. त्या महिन्यात कळलं, कुठल्या कंपनीनं आत वार्निश खरोखर दिलंय आणि कुणी नुसता वास दिलाय. तांब्याच्या वाइंडिंगच्या निम्म्याहून जास्त मोटरी पुन्हा चालू झाल्या. हलक्या मिक्सरांची तर टेबलावरच माती झाली.

पण खरं नुकसान फर्निचरचं होतं. भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डचे किचन आणि टीव्हीचे कपाट अक्षरशः लापशीसारखे झाले, फावड्यानं भरून काढावे लागले. साधं कमर्शिअल प्लाय फुगून पदर सुटलं. 710 नंबरचं, म्हणजे पाण्यात 72 तास उकळूनही पदर सुटू नयेत अशी चाचणी असलेलं प्लाय ज्यांनी वापरलं होतं, त्यांनी धुतलं, वाळवलं, पुन्हा लावलं. जुन्या गावभागातल्या वाड्यांतली सागवानी कपाटं तर नुसती पुसली. लोखंडी कपाटांना गंज आला, घासून रंग दिला, चालू. आणि सगळ्यात स्वस्त असूनही सगळ्यात चांगलं काय टिकलं असेल, तर कडप्प्याचे कप्पे. ओट्याखाली कडप्पा उभा करून केलेले कप्पे, वर साधं दार. आज लोकांना ते जुनाट वाटतं. तुमच्या जागी मी असतो तर ओट्याखाली कडप्पाच घातला असता आणि वाचलेल्या पैशातून फक्त दारं 710 ची केली असती. शिक्क्यावर विश्वास ठेवू नका, सुताराकडून वीतभर तुकडा मागून घ्या आणि कुकरच्या भांड्यात तीन-चार तास उकळा. खोटं असेल तर तेवढ्यात पदर उघडतात. ट्रॉल्या हव्याच असतील तर चॅनल आणि बिजागऱ्यांना पैसे घाला, दाराच्या चकाकीला नाही. आणि मीटर-एमसीबीचा बोर्ड छातीच्या उंचीवर नको, जमेल तेवढा वर चढवून घ्या. याला सुताराची नाही, इलेक्ट्रिशियनची एक दिवसाची मजुरी लागते.

नळाच्या सामानातही लोक उलटं करतात. बाहेर दिसणारी तोटी इंपोर्टेड दिसली पाहिजे, आणि भिंतीच्या आत गाडलेला कॉक कुठलातरी. बाहेरची तोटी गळली तर पाना लावून दहा मिनिटांत बदलते. आतला कॉक गळला तर टाइल फोडावी लागते, तसली टाइल पुन्हा मिळत नाही, आणि शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते ती वेगळीच. आत जातंय ते जड पितळेचं, नावाजलेलं घ्या. बाहेरच्या तोट्या पितळेच्या मधल्या किमतीच्या चालतात. संडासात आणि मागच्या बाजूला चांगल्या प्लास्टिकच्याही चालतात, त्या गंजत नाहीत. हातात घेऊन वजन बघा. जस्ताच्या भेसळीची तोटी हलकी लागते आणि आटा लवकर झिजतो.

गिझर घेताना तुमच्याकडं महापालिकेचं पाणी येणार की बोअरचं, ते आधी ठरवा. बोअरचं असेल तर क्षार जास्त. टाकीत मॅग्नेशिअमची एक दांडी असते, ती स्वतः झिजून टाकीला वाचवते. क्षाराच्या पाण्यात ती वर्ष-दोन वर्षांत संपते, आणि कुणी बदलतच नाही, मग टाकी गळते आणि दोष कंपनीला. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकीच्या गॅरंटीला पैसे द्या. पुढच्या डिजिटल आकड्यांना देऊ नका. आमच्या आईचा तांब्याचा बंब अजून आहे, पुरातूनही वाचला, पण फ्लॅटमध्ये धूर कुठं सोडणार?

स्टीलच्या भांड्यांत फसवणूक फार, म्हणून दोन शब्द. 304 म्हणजे 18 टक्के क्रोमिअम आणि 8 टक्के निकेल. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, ते स्वस्त पडतं आणि मीठ-आंबटाला लवकर डागतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, बघा चिकटत नाही, म्हणजे 304. ही चाचणी खोटी आहे, कारण 202 लाही चुंबक चिकटत नाही. चिकटतो ते 430 सारखं निकेल नसलेलं स्टील. म्हणजे चुंबक फक्त तिसरं ओळखतो, पहिल्या दोघांतला फरक नाही. त्यामुळं मिठाचा डबा, लोणच्याचं भांडं, ताकाचं पातेलं, आंबट डाळ शिजवायचं भांडं एवढंच खात्रीच्या दुकानातून 304 लिहून घ्या. ताटं, वाट्या, पाण्याचा पिंप, कणकेचा डबा 202 चा असला तरी काही बिघडत नाही, किलोवर घ्या. भाजीच्या भांड्याला जाड बूड हवं, नाहीतर भाजी लागते. भाकरीचा तवा लोहाराकडचा साधा लोखंडी. नॉनस्टिकच्या हजार-दोन हजारांच्या तव्यावर भाकरी करायला गेलात तर भर आचेत लेप दोन वर्षं टिकत नाही. लोखंडी तवा त्याच्या पाव किमतीत येतो आणि तुमची सूनही तोच वापरेल.

गादीचं एक वाक्य: फोमची घ्याल तर जाडी विचारू नका, डेन्सिटी विचारा. घनमीटरला किती किलो फोम, तो आकडा. 32 च्या खालचा फोम मोठ्या माणसाच्या वजनाला लवकर खड्डा धरतो. सोफ्याला 40 चा बघा. कापसाची गादी घेतलीत तर ती उसवून, पिंजून पुन्हा भरता येते, ही सोय फोमला नाही.

घरातली नाही, पण रोजची वस्तू म्हणून हेल्मेट. तुम्ही दोघं गाडीवरून मिरजेला कामाला जाता असं लिहिलंय. रस्त्याकडेला चारशेला मिळतं ती टोपी आहे. 4151 नंबरच्या मानकाचं आयएसआय हेल्मेट घ्या, हनुवटीचा पट्टा आवळून डोकं जोरात हलवा, हेल्मेट डोक्यावर फिरता कामा नये. एकदा जोरात आपटलं की आतला थर्माकोल दबतो, बाहेरून काही दिसत नाही. तेव्हा ते बदलायचं. इथं मी भाव करत नाही.

आता स्वस्तात भागवायच्या जागा पटकन सांगतो. टीव्हीची केबल, बल्बचे होल्डर झाकायची नक्षीदार टोपणं, कपडे वाळत घालायची दोरी, फरशी पुसायची फडकी, डबे-बरण्या, पडद्यांच्या सळया, भिंतीवरचं घड्याळ. बादली मात्र अगदी काळ्या भंगार प्लास्टिकची नको, एका हिवाळ्यात कडी तुटते. फ्रिजला स्टॅबिलायझर लागेलच असं नाही. आजकालचे बरेच फ्रिज कमी-जास्त व्होल्टेज स्वतः सांभाळतात, पुस्तकात किती व्होल्टपर्यंत लिहिलंय ते वाचा आणि मग ठरवा. दुकानदार गळ्यात मारतो ती वाढीव वॉरंटी बहुतेक वेळा घेऊ नका. ती विकण्यात आम्हाला चांगलं कमिशन मिळतं, एवढं सांगितलं की पुरे.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा: आधी आरसीसीबी आणि अर्थिंग, मग गॅसची नळी, मग हेल्मेटं, मग भिंतीच्या आतले कॉक, कारण रंगकाम झाल्यावर ते बदलता येत नाहीत. मिक्सर दिवाळीच्या गर्दीत घेऊ नका, दिवाळी उरकल्यावर निवांत बघून घ्या. तोवर आईकडचा चालवा. पंखे पुढच्या उन्हाळ्याच्या आधी, फेब्रुवारीत.

आणि प्रत्येक पावतीचा घेतल्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मशीनमधून निघणारा तो गुळगुळीत कागद उष्णतेवर चालतो, शाईवर नाही. कपाटात ठेवलेली पावती सांगलीचा एक उन्हाळा बघते आणि कोरी होते. दर जूनमध्ये चार-पाच जण गॅरंटीसाठी असा पांढरा कागद माझ्यापुढं धरतात.